दुकानं शंभर, गोदाम एकच: डोमेनचा भाव आणि त्याचा ताबा

प्रश्न तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या खजिनदारांचा आहे. थोडक्यात असा: "आमच्या वाचनालयाचं डॉट कॉम नाव पहिल्या वर्षी १९९ रुपयांत मिळालं. आता नूतनीकरणाला १,६०० मागतायत. वेबसाइट करून देणारा मुलगा म्हणतो, दुसरीकडे न्यायचं असेल तर ४,००० रुपये ट्रान्सफर चार्ज. बाजारात एवढ्या कंपन्या डोमेन विकतात, मग भाव खाली का येत नाही? आणि हे नाव नक्की कुणाचं, आमचं की त्याचं?"

मी २००३ पासून डोमेन आणि होस्टिंगच्या धंद्यात आहे. तुमचे दोन्ही प्रश्न वेगळे वाटतात, पण मुळाशी एकच गोष्ट आहे: विकतो कोण आणि वही कोणाकडे, हे दोन निराळे लोक आहेत.

तुम्ही ज्यांना "एवढ्या कंपन्या" म्हणताय ते रजिस्ट्रार, म्हणजे दुकानदार. माल त्यांचा नाही. डॉट कॉमने संपणारं जगातलं प्रत्येक नाव एकाच वहीत चढतं आणि ती वही अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या व्हेरिसाइन कंपनीकडे असते. वही सांभाळणाऱ्याला रजिस्ट्री म्हणतात. या वहीत १५ कोटींहून जास्त नावं आहेत आणि सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक नावामागे वर्षाला १०.२६ डॉलर हा घाऊक भाव आहे. नाव मोठ्या कंपनीकडून घ्या नाहीतर कोपऱ्यावरच्या रिसेलरकडून (रजिस्ट्रारचा माल पुढे विकणारा), एवढे पैसे व्हर्जिनियाला जातातच. वर आयकॅन या नियामक संस्थेचे २० सेंट. डॉलर ८८ रुपये धरला तर झाले ९२० रुपये, आणि गिऱ्हाइकाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी चढला की १,०८६. यात दुकानदाराचं भाडं, कार्डाचं कमिशन, फोन उचलणाऱ्या पोरांचा पगार, काहीच धरलेलं नाही.

म्हणजे १९९ला तुम्हाला जे मिळालं ते दुकानदाराने पदरचे सात-आठशे घालून दिलं. तो दानशूर नाही. एकदा नाव पाटीवर, पावतीपुस्तकावर, शिक्क्यावर, सभासदांच्या मोबाइलमध्ये गेलं की तुम्ही हलणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरीही १,६०० हा आकडा लूट म्हणावी असा नाही. महाग आहे, पण त्यातला मोठा हिस्सा दुकानदाराच्या हातातच नाही. बाराशे-तेराशेत विकणारे सापडतील. त्याखाली कायमचा कोणी विकत असेल तर मी तरी त्याच्याकडे संस्थेचं नाव ठेवणार नाही.

मग गोदाम, म्हणजे ही वही, एकाच्याच हातात कसं राहिलं? ही गोष्ट जरा तपशिलात सांगतो, कारण स्पर्धा आणायचा प्रयत्न झाला होता आणि तो अर्धा यशस्वीही झाला.

१९९३ पासून डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ओआरजीची नोंदणी अमेरिकन सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या करारानुसार नेटवर्क सोल्यूशन्स ही एकच कंपनी करायची. सुरुवातीला नोंदणी फुकट होती. सप्टेंबर १९९५ मध्ये दर लागला: दोन वर्षांचे १०० डॉलर. गोदामही तिचं, दुकानही तिचंच. लोक चिडले. इंटरनेटच्या पहिल्या पिढीतले जॉन पोस्टेल, जे पत्ते आणि नावांचा सगळा हिशोब जवळपास एकहाती सांभाळत होते, त्यांनी आणि इतरांनी सात नवी टोकं (डॉट कॉमसारखे नावाचे शेवट) आणायची योजना १९९७ मध्ये मांडली. ती बारगळली. जानेवारी १९९८ मध्ये पोस्टेलनी एक विलक्षण गोष्ट केली. इंटरनेटच्या मूळ यादीच्या (कुठल्या टोकाची वही कुठे आहे ते सांगणाऱ्या) प्रती जगभरात १२ संस्थांकडे होत्या. त्यातल्या आठ जणांना त्यांनी ईमेल पाठवून सांगितलं की यापुढे यादी नेटवर्क सोल्यूशन्सच्या यंत्रावरून न घेता माझ्या यंत्रावरून घ्या. आणि त्यांनी ऐकलं! अमेरिकन सरकारकडून फोन आल्यावर पोस्टेलनी सगळं पूर्ववत केलं आणि ती चाचणी होती असं सांगितलं. नियंत्रण नेमकं कुठे बसतं हे त्या आठवड्यात सगळ्यांना दिसलं. कायदा बाजूलाच राहिला, आठ सिस्टिम ॲडमिन कोणाचं ऐकतात यावर गाडा चालला होता.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर कॅलिफोर्नियात आयकॅन स्थापन झाली. दोनच आठवड्यांनी पोस्टेल गेले.

आयकॅनचं पहिलं मोठं काम म्हणजे दुकान आणि गोदाम वेगळं करणं. एप्रिल १९९९ मध्ये चाचणीसाठी पाच नवे रजिस्ट्रार निवडले. नेटवर्क सोल्यूशन्सने त्यांना आपल्या वहीत लिहू द्यायचं आणि ठरलेला घाऊक भाव घ्यायचा. २००० सालापासून तो भाव ६ डॉलर झाला. किरकोळीत ३५ डॉलरला विकलं जाणारं नाव दोन-तीन वर्षांत आठ-दहा डॉलरवर आलं. आमच्यासारखे लोक या धंद्यात शिरू शकले ते या वाटणीमुळेच, हे मान्य करायला हवं. १९९९ पूर्वी पुण्यात-नाशकात बसून डोमेन विकायचं म्हणजे नेटवर्क सोल्यूशन्सचा फॉर्म गिऱ्हाइकाच्या वतीने भरणं, एवढंच.

पण स्पर्धा दुकानात आली, गोदामात नाही. व्हेरिसाइनने २००० मध्ये नेटवर्क सोल्यूशन्स २१ अब्ज डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात घेतली आणि २००३ मध्ये दुकानाचा भाग सुमारे १० कोटी डॉलरला विकून टाकला. गोदाम ठेवलं. या दोन आकड्यांमधल्या फरकाला पडलेल्या बाजाराचं कारण आहेच, तरी खरी मलई कुठे आहे हे त्यांना त्याच वेळी कळलेलं होतं. २००३च्या सप्टेंबरात त्यांनी आणखी एक उद्योग केला: अस्तित्वात नसलेलं कुठलंही डॉट कॉम किंवा डॉट नेट नाव टाइप केलं की "नाव सापडलं नाही" याऐवजी त्यांचं स्वतःचं शोधपान उघडायचं. साइटफाइंडर त्याचं नाव. बनावट पत्त्यावरून आलेली मेल ओळखायची मेल सर्व्हरची एक साधी युक्ती एका रात्रीत निकामी झाली, कारण आता प्रत्येक बनावट नाव "अस्तित्वात" होतं. तीन आठवड्यांत आयकॅनने ते बंद करायला लावलं. व्हेरिसाइनने आयकॅनवर खटला भरला. तो मिटवताना जो करार झाला त्यातून २००६ चा डॉट कॉम करार निघाला आणि त्यात दोन गोष्टी बसल्या: करार संपला की तो बहुतेक आपोआप त्यांनाच मिळणार आणि सहा वर्षांतल्या चार वर्षी ७ टक्क्यांपर्यंत भाव वाढवता येणार.

"आपोआप मिळणार" हे किती महागाचं कलम आहे ते डॉट नेटवरून कळतं. २००५ मध्ये डॉट नेटची खुली निविदा निघाली. बोली जिंकली व्हेरिसाइननेच. कंपनी तीच, यंत्रं तीच, आणि ६ डॉलरचा भाव आयकॅनचा वाटा धरूनही ४.२५ वर आला. निविदेची नुसती भीती पुरली. पुढे डॉट नेटलाही आपोआप नूतनीकरण आणि वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढीची मुभा मिळाली आणि भाव पुन्हा चढत गेले. डॉट कॉमची निविदा आजवर निघालेली नाही.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने डॉट कॉमचा भाव ७.८५ डॉलरवर गोठवला आणि २०१८ मध्ये पुन्हा सोडला. २०२१ ते २०२४ सलग चार वेळा वाढ झाली. मग ठरल्याप्रमाणे दोन वर्षांचा विराम, आणि २६ ऑक्टोबर २०२६ पासून ७ टक्क्यांची दारं परत उघडी. तेव्हा तुम्हाला पुढे अनेक वर्षं हेच नाव ठेवायचं असेल तर आजच्या भावात एकदम दहा वर्षांपर्यंत भरता येतं. दहाच्या वर नाही.

"इंटरनेट आता अमेरिकेच्या हातात नाही" असं २०१६ नंतर बरेच जण म्हणतात. मूळ यादीवरची सरकारी देखरेख १ ऑक्टोबर २०१६ ला संपली हे खरं. पण व्हेरिसाइनचा वाणिज्य खात्याशी असलेला वेगळा करार चालूच आहे, भावाची कमाल मर्यादा त्यातूनच येते. आणि कंपनी अमेरिकी भूमीवर असल्याने तिथलं कोर्ट तिला हुकूम देऊ शकतं. २०१२ मध्ये ऑनलाइन जुगाराच्या बोडॉग डॉट कॉमचं असंच झालं. धंदा अमेरिकेबाहेरचा, नाव कॅनडातल्या रजिस्ट्रारकडे. मेरीलँडमधल्या सरकारी वकिलांनी रजिस्ट्रारला विचारलंसुद्धा नाही, थेट व्हेरिसाइनकडून नाव वळवून घेतलं. जुगाराच्या बाजूने मी बोलत नाहीये. एवढंच की तुम्ही दुकान कुठल्याही देशात निवडा, वही जिथे आहे तिथला कायदा चालतो.

"डॉट कॉम नको तर दुसरं घ्या" हा युक्तिवाद अर्थशास्त्रज्ञ करतात आणि नवं नाव घेणाऱ्यापुरता तो बरोबर आहे. नवी टोकं वाटायच्या आयकॅनच्या २०१२ च्या फेरीत १,९३० अर्ज आले, प्रत्येकी १,८५,००० डॉलर भरून. या गोदामांच्या शर्यतीत मुंबईही होती: डिरेक्टी समूहाच्या रॅडिक्सने डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट टेक अशी टोकं मिळवली. पण या नव्या टोकांच्या करारात भावाला कमाल मर्यादाच नाही. रजिस्ट्रीने सहा महिने आधी सूचना दिली की नूतनीकरणाचा दर हवा तेवढा वाढवता येतो. म्हणजे डॉट कॉमचा मक्तेदार निदान साखळीला बांधलेला आहे, इथे साखळीच नाही. पहिल्या वर्षी ८० रुपये आणि दुसऱ्या वर्षी ३,००० अशी बिलं घेऊन लोक माझ्याकडे येतात ती बहुधा या नव्या टोकांची असतात.

डॉट ओआरजीबद्दल वाचनालयवाल्यांनी मुद्दाम ऐकावं. ते टोक इंटरनेट सोसायटीच्या पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री या ना-नफा संस्थेकडे आहे. जून २०१९ मध्ये आयकॅनने त्याची भावमर्यादा काढून टाकली आणि नोव्हेंबरात बातमी आली की ही अख्खी संस्था ईथॉस कॅपिटल या खाजगी गुंतवणूक कंपनीला ११३.५ कोटी डॉलरला विकायची आहे. जगभरच्या सेवाभावी संस्थांनी ओरड केली, कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलने पत्र लिहिलं आणि ३० एप्रिल २०२० ला आयकॅनच्या मंडळाने नकार दिला. व्यवहार मोडला. भावमर्यादा मात्र परत आली नाही.

डॉट इन आपलं. ते पूर्वी मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संगणक संशोधन संस्थेकडे होतं आणि नोंदणी इतकी किचकट की २००५ पर्यंत काही हजारच नावं झाली होती. त्या वर्षी ते निक्सी या संस्थेकडे येऊन सगळ्यांसाठी खुलं झालं आणि महिन्याभरात चित्र पालटलं. इथे एक गोष्ट चांगली केली आहे: वही निक्सीच्या मालकीची आणि यंत्रं चालवण्याचा ठेका निविदेने. आधी अफिलियास, मग न्यूस्टार (जिचा हा धंदा पुढे गोडॅडीने घेतला) आणि २०२५ पासून टुकाउज. निविदेने दोनदा ठेकेदार बदलला, नाव वापरणाऱ्याला पत्ताही लागला नाही. डॉट कॉमची निविदा काढली तर इंटरनेट कोसळेल असं सांगणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो. देवनागरी डॉट भारत २०१४ पासून आहे, मराठीत नाव मिळतं, मी स्वतः दोन घेतली आहेत. पण अजून कित्येक ठिकाणी फॉर्ममध्ये तसा ईमेल पत्ता टाकला की "इनव्हॅलिड" येतं, म्हणून एकटं तेवढंच घेऊ नका.

नियंत्रण पूर्ण आवळलं की कसं दिसतं, तेही डॉट इनमध्येच बघायला मिळतं. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन या टोकाखाली जायला सांगितलं. तिथे रजिस्ट्रार एकच, हैदराबादची आयडीआरबीटी. स्पर्धा शून्य. आणि मला ते योग्य वाटतं, कारण तिथे भावापेक्षा महत्त्वाचं हे की कुणीही उठून बँकेसारखं दिसणारं नाव घेऊ नये. आपल्या नागरी सहकारी बँकांची मात्र त्या वेळी पळापळ झाली. छापील चेकबुकापासून एसएमएसपर्यंत सगळीकडे जुनं नाव होतं.

आता तुमच्या वाचनालयाकडे येतो. वर सांगितलेली मक्तेदारी तुमच्याकडून वर्षाला फार तर दोन-चारशे जास्त घेईल. तुमचं खरं नुकसान करू शकतो तो साखळीतला शेवटचा माणूस, म्हणजे ज्याच्या लॉगिनमध्ये नाव पडलं आहे तो.

डोमेन विकत मिळत नाही, ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळतं. या भाडेपट्ट्यालाही सातबारा असतो: "रजिस्ट्रंट" हा रकाना. तिथे वाचनालयाचं नाव असेल तर नाव तुमचं. तिथे त्या मुलाचं नाव असेल तर, पैसे कोणीही भरलेले असोत, रजिस्ट्रारच्या लेखी ते त्याचं. पूर्वी हा रकाना कोणालाही हूइजवर, म्हणजे डोमेनच्या नोंदी शोधायच्या खुल्या सेवेवर, दिसायचा. मे २०१८ मध्ये युरोपचा खाजगीपणाचा कायदा आला आणि तेव्हापासून बहुतेक ठिकाणी "रिडॅक्टेड फॉर प्रायव्हसी" एवढंच दिसतं. म्हणून त्या मुलाला डोमेनच्या खात्याचं पॅनेल उघडून समोर दाखवायला सांगा. आणि नावाहूनही आधी ईमेल बघा. सूचना, कोड, मंजुरी सगळं त्या पत्त्यावर जातं.

माझ्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट. यंत्राचे सुटे भाग करणारा कारखाना, नाव चौदा वर्षं जुनं. स्मरणपत्रं जात होती नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या पत्त्यावर. मुदत संपली, रजिस्ट्रारने सवलतीचे दिवस दिले, तेही संपले. नंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ लागतो, त्यात दंड भरून नाव सोडवता येतं. तोही गेला. शेवटचे पाच दिवस "पेंडिंग डिलीट", त्यात कोणीच काही करू शकत नाही, मालकही नाही. मला फोन आला तेव्हा तिसरा दिवस होता. डॉट कॉमची वगळलेली नावं आपल्या वेळेनुसार रात्री साडेअकराच्या सुमारास सुटतात, अमेरिकेत हिवाळा असेल तर साडेबाराला. आम्ही लॅपटॉप उघडून बसलो. नाव सुटलं आणि सेकंदाच्या आत कुणीतरी उचललंही. आठवड्याने त्याच पत्त्यावर "हे डोमेन विक्रीस आहे, २,५०० डॉलर" अशी पाटी लागली.

हाताने का जमत नाही, तर नावं झेलण्याचा वेगळा धंदा आहे. रजिस्ट्री प्रत्येक मान्यताप्राप्त रजिस्ट्रारला वहीत लिहिण्यासाठीच्या जोडण्यांचा सारखा वाटा देते. म्हणून काही कंपन्या स्वतःच शेकडो रजिस्ट्रार काढतात, नाव तेच आणि पुढे फक्त आकडा वेगळा. आयकॅनच्या यादीत दोन हजारांहून जास्त रजिस्ट्रार दिसतात आणि लोक म्हणतात बघा केवढी स्पर्धा. त्यातले ढीगभर म्हणजे एकाच रांगेत घुसण्यासाठी एकाच माणसाने घातलेल्या वेगवेगळ्या टोप्या.

४,००० च्या "ट्रान्सफर चार्ज"बद्दल: असा कुठलाही अधिकृत आकार नाही. नव्या रजिस्ट्रारकडे एका वर्षाचं नूतनीकरण भरायचं, ते वर्ष तुमच्या मुदतीत वाढतं, झालं. जुन्या रजिस्ट्रारने मागितल्यापासून पाच दिवसांत ऑथ कोड (नाव दुसरीकडे न्यायला लागणारा परवलीचा शब्द) द्यायचा असतो. त्या मुलाने वेबसाइटचं काम केलं असेल आणि त्याचे पैसे बाकी असतील तर ते जरूर द्या, पण तो हिशोब वेगळा. तो अडून बसला तर त्याच्याशी वाद घालू नका. आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाका, रजिस्ट्रार कोण ते तिथे दिसतं, आणि त्या रजिस्ट्रारला वाचनालयाच्या लेटरहेडवर, नोंदणी प्रमाणपत्र आणि पैसे भरल्याच्या पावत्या जोडून लिहा. रिसेलर हा रजिस्ट्रारचा माणूस, उत्तर द्यायची जबाबदारी रजिस्ट्रारची. मी अशी सात-आठ प्रकरणं केली. रजिस्ट्रंटच्या रकान्यात संस्थेचं नाव होतं ती सगळी सुटली. तिथे दुसऱ्याचंच नाव होतं अशा दोनपैकी एक सुटलं, तेही त्या माणसाच्या वडिलांना भेटून.

एक खाचखळगा. रजिस्ट्रंटचं नाव किंवा ईमेल बदलला की ६० दिवस नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जात नाही. बदल करताना या कुलपाला नकार द्यायचा पर्याय बरेच जण ठेवतात, तो आधीच टिक करून घ्या, नाहीतर मुदत तोंडावर आलेली असताना अडकाल. तुमची मुदत दोन महिन्यांहून जवळ असेल तर या वर्षीचे १,६०० निमूट भरा आणि मग सावकाश हलवा.

नव्या खात्याला ईमेल वाचनालयाचा घ्या. मात्र याच डोमेनवरचा नको, नाव बंद पडलं की तो पत्ताही बंद पडतो. ओटीपीचा मोबाइल ग्रंथपालांचा आणि दुसरा चिटणिसांचा. आणि बिल संस्थेच्या नावाने मागा, "वेबसाइट खर्च" अशा मोघम पावतीवर नको, डोमेनचं नाव त्यात लिहिलेलं हवं. उद्या रजिस्ट्रारकडे भांडायला तेच पुढे करावं लागतं, आणि तुमच्या ऑडिटरलाही तेच लागणार आहे.